मंदा, रॅम्प झाला

मंदा, तुझी शोकसभा देवळाच्या सभामंडपात झाली. तुझा फोटो त्यांनी तुझ्या भाचीकडून, प्राजक्ताकडून मागून घेतला आणि मोठा करून खुर्चीवर ठेवला. फोटोत तू चष्मा काढलेला आहेस, त्यामुळे तुझ्यासारखी दिसत नाहीस. आधी नाना बोलले. देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष, म्हणून सगळ्यात आधी तेच बोलतात. "मंदाकिनीताई म्हणजे देवीच्या निस्सीम भक्त. त्यांची उणीव भरून निघणार नाही." मागे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दोन वर्षं त्यातली एकही तुझ्याशी धड बोलली नव्हती.

मग माझं नाव पुकारलं. ट्रस्टची चिटणीस आणि तुझी शेजारीण. मी तुझ्या आवाजाबद्दल बोलले, तुझ्या आंबोळ्यांबद्दल बोलले आणि दोन मिनिटांत खाली बसले. लोकांना वाटलं, शुभाताईंना भरून आलं. मला भरून आलं नव्हतं, मी घाबरले होते. तुझ्याबद्दल जे बोलायला हवं होतं ते बोलायचं म्हणजे स्वतःबद्दल बोलावं लागलं असतं. ते आता इथे लिहितेय. तू वाचणार नाहीस, म्हणूनच बहुतेक लिहायला जमतंय.

आपण चारकोपला राहायला आलो तेव्हा तू लालबागची खोली विकून आई-वडलांना घेऊन आली होतीस आणि मी लग्न करून. तुझी मागची भिंत ती माझी मागची भिंत. तू कुकरची शिट्टी मोजायचीस ती माझ्या कुकरची. महापालिकेच्या दवाखान्यात तू औषधं द्यायचीस आणि घरी आलीस तरी ती सवय सुटायची नाही. माझ्या फडताळातल्या बाटल्या काढून बघायचीस. "शुभा, ही संपलीय तारीख. आणि ह्या डबीत काय आहे? वर लिहिलंय जिरं, आत ओवा. असं नाही चालत गं. वर जे लिहिलंय ते आत असलं पाहिजे." मी म्हणायचे, माझं घर आहे, दवाखाना नाही. तू ऐकायची नाहीस. बसून डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचीस.

माझे हे गेले तेव्हा तू सव्वा महिना रोज चार वाजता यायचीस. सांत्वनाचं एक वाक्य बोलली नाहीस. ताट वाढायचीस, समोर बसायचीस आणि मी खाल्लं की उठून जायचीस. त्या दिवसांत मी जगले ती तुझ्या चार वाजण्यावर. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण ते तरी तुला माहीत असणार.

देऊळ आपल्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. आधी चार बांबू आणि वर पत्रा. कोकणातल्या माणसांनी वर्गणी काढून देवीची मूर्ती आणली आणि पहिला दिवा तुझ्या आईने लावला. तिला तू आये म्हणायचीस, म्हणून सगळा सेक्टर आये म्हणायचा. पुढे नानांनी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरून भिंती उभ्या केल्या. मी नानांना वाईट माणूस म्हणणार नाही. तूही कधी म्हटलं नाहीस. चाळीस वर्षं त्या माणसाने देवळाशिवाय दुसरा विचार केला नाही. मग जोतं उंच झालं, नऊ पायऱ्या आल्या, आणि मंगळवारी संध्याकाळी आपलं बायकांचं भजन सुरू झालं. पेटी जोशीबाईंची, टाळ माझे, आवाज तुझा.

मग निधी आला. आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींनी भाषणात जाहीर केलं, देवस्थान परिसराच्या विकासासाठी सरकारी निधी मंजूर. टाळ्या पडल्या. त्या दिवशी आपण दोघी वाद घालत घरी आलो. मी म्हणत होते, देवाला सरकारचा पैसा लागतोच कशाला? लोकांनी वर्गणी काढावी, नसेल तर पत्र्याखाली बसावं. शाळेला द्या, दवाखान्याला द्या. आणि तू, एवढी दवाखान्यातली, मला म्हणालीस, "घेऊ दे ना. आपल्या सेक्टरात म्हाताऱ्या माणसांनी संध्याकाळी बसावं अशी दुसरी जागा दाखव मला. देऊळ असो, मशीद असो, विहार असो, लोक जमतात तिथे चार सोयी झाल्या तर काय बिघडलं? फक्त किती दिले, कशाला दिले, ते भिंतीवर लिहा. आणि लिहिलंय ते जमिनीवर दिसू दे." मी म्हटलं, तू भोळी आहेस. तू म्हणालीस, "आणि तू नुसती बोलतेस." तो वाद आपण पुढे कितीदा तरी उकरून काढला आणि कधी संपवला नाही. निधीच्या विरोधात बोलणारी मी, आणि त्या निधीच्या कागदावर डोळे मिटून सही करणारीही मीच.

ते असं झालं. दुपारची वेळ होती, मी मटार सोलत बसले होते. नाना कागद घेऊन आले. मला चिटणीस करण्याचं कारण एवढंच होतं, की कमिटीत एक बाई हवी होती आणि मी विमा कंपनीत नोकरी केलेली, म्हणजे मला कागदपत्रं कळतात असं सगळ्यांना वाटायचं. नाना म्हणाले, "शुभाताई, ताबापावती आहे. कामं पूर्ण झाली, संस्थेने ताब्यात घेतली, एवढंच." मी विचारलं, "रॅम्प कुठे झालाय अजून? बायकांचं स्वच्छतागृह?" "होतंय ना. ठेकेदार थांबलाय. वर्ष संपायच्या आत कागद गेला नाही तर निधी परत जाईल, मग सगळ्याचीच वाट लागेल." मी हात पुसले आणि मटारच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. सही खाली असते, मजकूर वर. मी वरचं वाचलंही नाही. नोकरीत आयुष्यभर 'तपासले' असं लिहून सह्या केल्या, त्यातलीच ही एक वाटली.

मंडपावर नवीन छत आलं. दिवे आले. दगडी कमान आली, नक्षीची, वर दोन सिंह. देवळाबाहेर संगमरवरी फलक लागला. त्यावर लोकप्रतिनिधींचं नाव मोठं आणि खाली कामांची यादी. सभामंडप, विद्युतीकरण, प्रवेश कमान, ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांसाठी रॅम्प, महिला स्वच्छतागृह. तू चष्मा लावून तो फलक वाचलास, मग पायऱ्यांकडे बघितलंस, मग देवळाला एक प्रदक्षिणा घातलीस. परत येऊन भजनाच्या वहीत, शेवटच्या पानावर, तो फलक जसाच्या तसा उतरवून घेतलास. मी शेजारी टाळ घेऊन उभी होते. म्हणालीस, "रॅम्प कुठे आहे गं?" मी म्हटलं, "होईल."

आयेला तोवर चाकाची खुर्ची आली होती. खुब्याचं हाड मोडल्यानंतर ती उभी राहिलीच नाही. रोज तुला विचारायची, "माका देवळात कधी व्हरतलस गो?" नवरात्रात तू ठरवलंस की न्यायचंच. दोन माणसांनी खुर्ची उचलली. पाचव्या पायरीवर एकाचा पाय घसरला, खुर्ची कलली, आणि आये भीतीने किंचाळली. पडली नाही, सावरली त्यांनी. पण भीतीने तिचं लुगडं ओलं झालं. सगळा सेक्टर नटूनथटून उभा होता. तू तिला कुठे नेणार? स्वच्छतागृह नव्हतं. तू तुझी नवी शाल तिच्या मांडीवर टाकलीस आणि देवीचं तोंडही न बघता खुर्ची मागे वळवलीस. मी बरोबर चालत होते. रस्ताभर आये एवढंच म्हणत होती, "माका परत थंय व्हरू नको. भायरसून बघलंय तरी चलात. देवी माका बघता मा."

त्या दिवसापासून तू विचारायला लागलीस.

आधी नानांना एकटं गाठून विचारलंस. ते म्हणाले, कमानीचा खर्च वाढला, रॅम्प पुढच्या टप्प्यात. तू म्हणालीस, मग फलकावर तसं लिहा. ते हसले. मग तू सर्वसाधारण सभेत उठलीस. माझ्या कानात अजून आहे ते.

"नाना, फलकावर पाच कामं आहेत. मला तीन दिसतात. बाकीची दोन कुठे आहेत, एवढंच सांगा."

"मंदाताई, देवीच्या कामात राजकारण नको."

"रॅम्प म्हणजे राजकारण?"

"पैसा कुणी घरी नेला का? देवीलाच लागला ना?"

"लागला असेल. मग कशाला लागला ते लिहा ना. चोर कोण म्हटलं मी? मी रॅम्प कुठाय विचारतेय."

मागून कुणीतरी ओरडलं, "दुसऱ्या धर्माच्या लोकांना जाऊन विचारा हे!" तू मागे वळलीस. "त्यांच्या भिंतीवर असा फलक लागला आणि रॅम्प नसला, तर तिथल्या बाईनेही विचारावं. मी तिच्या बाजूने उभी राहीन." त्यावर जो गोंधळ झाला त्यात सभा संपली. इतिवृत्त मी लिहिलं. 'आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा झाली.' तुझं एवढं बोलणं मी त्या पाच शब्दांत गाडून टाकलं, मंदा.

आठवड्याच्या आत फलक निघाला. पॉलिशला दिलाय म्हणाले. तो परत आला नाही.

आणि भजन. हे लिहिताना मला हात थांबवावा लागतोय. बायकांनी ठरवलं की मंगळवारचं भजन शुक्रवारी करायचं आणि तुला कळवायचं नाही. कुणी मोठ्याने असं म्हटलं नाही. जोशीबाई एवढंच म्हणाल्या, "उगाच वातावरण बिघडतं." मला फोन आला होता. भिंतीपलीकडे तू होतीस. मी भिंतीवर थाप मारली असती तरी तू आली असतीस. मी मारली नाही. मंगळवारी तू वही घेऊन गेलीस, देऊळ रिकामं होतं. मी खिडकीतून बघत होते. तासाभराने परत आलीस आणि मला हाक मारलीस. "अगं, कुणीच नव्हतं. मी एकटीने म्हटलं सगळं. टाळ नसला तरी जमतं की!" मग माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि वही काखेत धरून घरात गेलीस. त्यानंतर देवळात भजनाला तू गेली नाहीस. संध्याकाळी आयेच्या खुर्चीपाशी बसून म्हणायचीस. भिंतीतून मला ऐकू यायचं. शुक्रवारी मी देवळात टाळ वाजवायचे आणि मंगळवारी भिंतीला पाठ लावून बसायचे.

माहिती अधिकारातला पहिला अर्ज तू वळणदार अक्षरात लिहिलास, दहा रुपयांचा स्टॅम्प लावलास. उत्तर आलं, सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही, अर्ज हस्तांतरित करण्यात येत आहे. दुसऱ्या कचेरीचं उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. तू वैतागायची नाहीस. डाळ निवडावी तसे ते कागद निवडायचीस. मी म्हणायचे, "सोड गं. आयेला घेऊन बाहेर कुठेतरी जाऊ."

गेलोही. मनोरीला. आठवतं? मार्व्याच्या जेट्टीवर आपण खुर्ची घेऊन उभ्या, आता बोटीत चढवायची कशी. बोटवाल्याने मोटारसायकली चढवायची फळी ओढली, शेजारी दुसरी टाकली आणि आयेची खुर्ची सरसर आत. आये हसली, तोंडात तीन दात, खाडीचा वारा, आणि तिने पाण्याला हात जोडले. तू कमरेवर हात ठेवून त्या फळ्यांकडे बघत राहिलीस. म्हणालीस, "बघितलंस शुभा? ना निधी, ना नारळ. दोन मिनिटांत!" आणि इतकं हसलीस की बोटीतल्या कोळणी वळून बघायला लागल्या. त्या दिवशी मी तुला सांगणार होते. ओठावर आलं होतं. पण तू इतकी खूश होतीस, आणि मला ते कारण पुरलं.

शेवटी एका कचेरीने तुला फाइल बघायला बोलावलं. तू सकाळी गेलीस, संध्याकाळी थेट माझ्याकडे आलीस. चहा घेतलास. बिस्किट बुडवलंस. मग सहज विचारल्यासारखं विचारलंस, "शुभा, त्या कामाच्या वेळी तुझ्याकडे सहीला काही कागद आला होता का गं?"

"नाही बुवा आठवत."

"असेल," म्हणालीस. कप विसळून पालथा घातलास आणि गेलीस.

त्या हिवाळ्यात आये गेली. देवळासमोरून तिची गाडी नेली तेव्हा तू पाच मिनिटं थांबायला सांगितलंस. पायऱ्यांखालून.

मला वाटलं, आता तू थांबशील. तू मात्र तक्रार केलीस. सुनावणीची तारीख लागली तेव्हा म्हणालीस, "बरोबर येतेस? तुला काही बोलायला नको. नुसती बस." मी गुडघा दुखतो म्हटलं. तू म्हणालीस, "बरं, शेक घे." परत आलीस ती दमून. मी दारातच विचारलं, काय झालं. "साहेब चांगले होते. म्हणाले, रॅम्प नाही हे मान्य. पण तो मंजूर होता आणि झाला म्हणून दाखवला, याचा कागद द्या. आमची मूळ फाइल सापडत नाहीये."

"मग?"

"मग काय. वहीतलं पान दाखवलं. म्हणाले, हे तुम्ही हाताने लिहिलंय."

महिन्याभराने पत्र आलं, तक्रारीत तथ्य आढळले नाही. ते पत्र बायकांच्या ग्रुपवर फिरलं. देवीने न्याय दिला, असं कुणीतरी खाली लिहिलं. मी त्यावर काही लिहिलं नाही. मी कशावरच काही लिहीत नव्हते.

तू गेलीस त्याच्या चार दिवस आधी आंबोळ्या घेऊन आलीस. बसलीस. पंख्याकडे बघत म्हणालीस, "शुभा, आपण दोघी म्हाताऱ्या झालो. कुणाला काही सांगायचं राहिलं असेल तर सांगून टाकावं." मी म्हटलं, "सांगायचंय काय, उजवा गुडघापण गेला आता." तू हसलीस. उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास, तसा तू कधी ठेवायची नाहीस. मला वाटलं, आईवेडी बाई, आता कुणाच्या डोक्यावर हात ठेवणार, म्हणून माझ्या.

चार दिवसांनी दुपारी प्राजक्ताने भिंतीवर थापा मारल्या. मी पोचले तेव्हा तू खुर्चीतच होतीस. डॉक्टर म्हणाले हृदय, झोपेतच, त्रास झाला नसेल. पाय थंड होते. मी ते चोळत बसले, प्राजक्ताने हात धरून थांबवेपर्यंत.

तेरावं झालं आणि प्राजक्ता एक प्लास्टिकची फाइल घेऊन आली. "मावशी, आत्याचे देवळाचे कागद. मला यातलं काही कळत नाही. तिने सांगून ठेवलं होतं, हे शुभाकडे दे." अर्ज, उत्तरं, पाकिटं, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. आणि सगळ्यांच्या खाली, वेगळ्या पाकिटात, ताबापावतीची साक्षांकित प्रत. 'रॅम्प व महिला स्वच्छतागृहासह सर्व कामे समाधानकारकरीत्या पूर्ण झाली असून संस्थेने ताब्यात घेतली आहेत.' खाली माझी सही. इंग्रजी, तिरकी, शेवटी दोन टिंबं. वर कचेरीचा शिक्का, त्याच दिवसाचा, ज्या दिवशी तू माझ्याकडे येऊन चहा घेतलास. म्हणजे तू मला विचारलंस तेव्हा हा कागद तुझ्या पिशवीत होता. सुनावणीला साहेबांनी कागद मागितला तेव्हाही तो तुझ्याकडेच होता. पाकिटावर पेन्सिलीने तुझ्या अक्षरात तीन शब्द होते. 'हे जोडायचं नाही.'

मंदा, तू हरली नाहीस. तू मला वाचवलंस. मला ते नको होतं, असं म्हणायची माझी लायकी नाही, कारण मला तेच हवं होतं. तीन वर्षं मी दुसरं काही मागत नव्हते. पण कशी राहिलीस तू? कशा आणल्यास आंबोळ्या? माझ्यावर ओरडली असतीस, चार लोकांत लाज काढली असतीस, तर मी आज रडू तरी शकले असते. तू वाट बघत बसलीस की ही आपणहून बोलेल. कशी वाट बघत होतीस गं, इतकी वर्षं मला ओळखून?

मी तो कागद घेऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने तुझा तक्रार क्रमांक शोधला.

"तक्रारदार कुठेत?"

"वारल्या."

"मग हे निकाली निघालंय, मॅडम. नवीन तक्रार द्यावी लागेल." त्याने प्रत उलटसुलट पाहिली. "ही सही कोणाची?"

"माझी."

त्याने मान वर केली. आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे तुम्ही स्वतःविरुद्धच देताय. घरी विचारलंत का कुणाला?"

मी म्हटलं, घरी कुणी नाही. तक्रार दिली. खोट्या ताबापावतीवर सही मी केली, रॅम्प झाला नव्हता, असं माझ्या हाताने लिहून दिलं. त्याने शिक्का मारला. बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा वाटलं, उशिरा का होईना, एक गोष्ट केली. ते वाटणं आठ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी नाना आले. चिडले नव्हते. म्हातारे झालेत, चार पावलं चालले तरी दम लागतो. बसले आणि म्हणाले, "तुम्ही कागद दिलात, कळलं मला. चांगलं केलंत, मन मोकळं झालं असेल. पण आता एक आनंदाची बातमी. नवीन निधी मंजूर झालाय. आचारसंहिता लागायच्या आत काम करायचंय. रॅम्प करतोय आपण. मंदाताईंच्या नावाने."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "नाना, त्याच रॅम्पचा पैसा एकदा येऊन गेलाय."

"गेला असेल. कमान दिसते ना तुम्हाला? माझ्या घरी एक वीट गेली असेल तर देवी बघून घेईल. पण आता रॅम्प होणार ना? मंदाताईंना हेच हवं होतं ना? मग?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. त्यांना मागणीपत्रावर सही हवी होती. मी दिली नाही. चिटणीसपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी जोशीबाई चिटणीस झाल्या आणि पत्र गेलं.

तीन आठवड्यांत रॅम्प उभा राहिला, मागे बायकांचं स्वच्छतागृहही. एरवी आपल्याकडे गटाराचं झाकण बसवायला वर्ष लागतं. चांगला झालाय, उतार बेताचा, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे. खोटं कशाला सांगू? वरच्या टोकाला छोटा फलक, 'स्व. मंदाकिनी यांच्या स्मरणार्थ', खाली लोकप्रतिनिधींचं नाव. कोणता निधी, किती, कुठल्या वर्षाचा, काही नाही.

आणि मग, माझ्या तक्रारीवरून, पाहणीला अधिकारी आला. तरुण होता, घाईत होता. त्याने टेप धरून रॅम्प मोजला, स्वच्छतागृहाचं दार उघडून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढले. मी म्हटलं, "अहो, हा आत्ता बांधलाय, गेल्या महिन्यात. माझी तक्रार तेव्हाची आहे." तो म्हणाला, "मॅडम, मला जागेवर काम आहे की नाही एवढंच लिहायचंय. ताबापावतीत रॅम्प आहे, जागेवर रॅम्प आहे. कधी बांधला ते यावर कुठे लिहिलंय?" मी फलकाकडे बघितलं. खरंच कुठे लिहिलेलं नाही. माझ्या सहीचा खोटा कागद तुझ्या नावाच्या रॅम्पने खरा करून टाकला. आता कुणी अर्ज केला, कुणी फाइल मागितली, तरी सगळं जुळेल.

तो गेल्यावर मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. ऊन उतरत होतं. सेक्टरात नवीन राहायला आलेली एक बाई चाकाच्या खुर्चीतून तिच्या सासूला घेऊन आली. न थांबता, न कुणाला हाक मारता, खुर्ची वर चढवली. म्हातारी आत गेली, घंटेपर्यंत हात पोचेना तर सुनेने वाजवली. येताना सून फलकापाशी थांबली. माझ्याकडे बघून विचारलं, "काकू, या मंदाकिनी कोण होत्या हो?"

मी तोंड उघडलं. मंदा, तुला शपथेवर सांगते, सगळं ओठांवर होतं.

म्हटलं, "इथे भजन म्हणायच्या."

"अच्छा," ती म्हणाली, आणि म्हातारीच्या मांडीवरचा पदर सारखा करून खुर्ची हळूहळू खाली उतरवू लागली.